श्वास घेणारा बैल

डोमाजी मिस्त्रीचं नाव निघालं की सिंदीतली माणसं अजून हळहळतात. काय हात होते त्याचे, म्हणतात. मी हळहळत नाही. सिंदीच्या पोस्टात एकवीस वर्षं मी टपाल वाटलं. डोमाजीच्या दाराची कडी किती वेळा वाजवली त्याची गणती नाही, आणि त्या दाराआड काय चाललं होतं ते त्याच्या खालोखाल मलाच ठाऊक होतं. हात चांगले होते, कबूल. पण ज्याचे हात चांगले तो माणूसही चांगला, हा समज पहिल्यांदा ज्यानं पसरवला त्याला एकदा गाठून जाब विचारायला हवा.

डोमाजी स्टेशनापलीकडच्या एका जिनिंगमध्ये फिटर होता. दिवाळीपासून होळीपर्यंत कापूस यायचा, तोवर जिन चालायचं, आणि ते बिघडलं की डोमाजीशिवाय कुणाचं पान हलायचं नाही. पट्टा कुठे घासतोय, दाता कुठे अडतोय, हे तो नुसत्या आवाजावरून सांगायचा. त्यामुळे झालं असं, की ज्याचा आवाज त्याला कळत नव्हता अशा प्रत्येक गोष्टीला तो फालतू म्हणू लागला. भजन फालतू, शेती फालतू, शेजारी फालतू. बैल म्हणजे तर त्याच्या मते शेण टाकणारं इंजिन. सिंदीसारख्या गावात, जिथे बैल मेला तर घरात दोन दिवस चूल नीट पेटत नाही, तिथे हा माणूस हे चारचौघांत बोलायचा आणि वर हसायचा.

त्याची बायको सुंदरा नागपूर रस्त्यावरच्या जाम गावची. तिचा बाप सोनबा जामच्या चौकात चहा-चिवड्याचं दुकान चालवायचा. लग्नाला आठ वर्षं होऊन तिला मूल नव्हतं. त्या आठ वर्षांत तिनं किती नवस केले आणि किती बायकांचं बोलणं ऐकून घेतलं, ते तिला माहीत. आणि छप्पनच्या पावसाळ्यात तिला दिवस गेले. मी टपाल घेऊन गेलो तर तिनं मला ओट्यावर बसवून गुळाचा चहा दिला. चहात तिनं गूळ दोनदा घातला, इतकी ती खूश होती. डोमाजी आत कानस घासत बसला होता. त्यानं मान वर केली नाही.

त्याच वर्षीच्या तान्ह्या पोळ्याला डोमाजीची खोड निघाली. आमच्या सिंदीत मोठ्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पोरांचा पोळा भरतो. पोरं आपापले लाकडी बैल सजवून आणतात, कुणाचा टीचभर, कुणाचा गाड्याएवढा, आणि दोरी धरून तोरणाखालून नेतात. कापसाचे अडते अण्णाजी पंचांत बसायचे आणि चांगल्या बैलाला बक्षीस द्यायचे. त्या वर्षी पहिला आलेल्या बैलाची चाकं डोमाजीनं बसवून दिली होती. अण्णाजींनी चारचौघांत सुताराला नारळ दिला, शेला दिला, आणि डोमाजीकडे बघून सहज म्हणाले, की चाक मिस्त्रीचं असलं तरी बैल सुताराचा. बोलणारा बोलून गेला. ऐकणाऱ्याच्या मात्र ते डोक्यात शिरलं, आणि शिरलं ते बाहेर निघालंच नाही. तो मला म्हणाला, "चाक काय करता? बैलच करून दाखवतो. चालनारा, श्वास घेनारा. जीव म्हंजे तरी काय असते, पोस्टमन भाऊ? बिनकसरीचं मशीन."

मी म्हणालो की तुमच्या घरात एक जीव यायला निघालाच आहे, त्याच्याकडे बघा. त्यावर तो म्हणाला, ते काय, ते तर कुत्र्या-मांजरालाही जमते.

माघात सुंदरा बाळंतपणाला जामला गेली. गाडीत बसताना ती सारखी मागे वळून बघत होती. डोमाजी घरात जाऊन परसातलं कोठार मोकळं करायला लागला होता. बायको गेल्याचं त्याला दुःख नव्हतं, जागा झाल्याचं सुख होतं.

होळीनंतर जिनिंग बंद पडलं आणि तो कोठारात शिरला. सागाची हाडं केली, लोखंडी सांधे केले. जिनाच्या भंगारातून दातेरी चाकं आणली. भजनी मंडळाची जुनी पेटी मागून आणली आणि तिचा भाता काढून बैलाच्या छातीत बसवला. घड्याळात असते तशी, पण भली मोठी, पोलादी कमान कुठून पैदा केली देव जाणे. पोटाखाली चावी फिरवली की कमान आवळायची, मग भाता फुगायचा, बसायचा, मान हलायची, पाय उचलायचे. फटी चिंध्यांनी बुजवल्या, दाराला आतून अडणा घातला. कुणी हाक मारली तर ओ देईना. कुणी जेवायला बोलावलं तर वसकन अंगावर येई. महिन्याभरात लोकांनी बोलावणंच सोडलं, आणि हा उलट म्हणायला मोकळा की गावाला माझी कदर नाही.

चैत्रात पहिलं कार्ड आलं. दुसऱ्याचं कार्ड वाचू नये असा पोस्टाचा नियम आहे. पण उघडं कार्ड हातात धरून अर्धा मैल चालायचं आणि डोळे मिटून चालायचं, असा पोस्टमन अजून जन्माला यायचा आहे. सोनबानं कुणाकडून तरी लिहवून घेतलं होतं. मुलगी झाली, बाळ-बाळंतीण खुशाल आहेत, बाराव्या दिवशी बारसं, जरूर यावे. खाली सुंदराची एक ओळ होती. नाव आत्यानं ठेवायचं असतं, पण डोमाजीला बहीण नव्हती, तेव्हा नाव त्यानंच घेऊन यावं, ती थांबते.

मी कोठाराच्या दाराशी मोठ्यानं वाचून दाखवलं. आतून ठोकण्याचा आवाज थांबला, तो म्हणाला, "बरं झालं," आणि ठोकणं पुन्हा सुरू झालं. बारसं झालं नाही. आठ वर्षं वाट पाहिलेल्या पोरीचा पाळणा बिननावाचा राहिला.

दुसरं कार्ड ज्येष्ठात आलं. पोरगी हसते, हुंकार देते, सगळे तिला नुसतं बाळी म्हणतात. आईनं हाक मारायची तर काय म्हणून मारायची, एवढं तरी कळवा. यावेळी मी दार उघडेपर्यंत हललो नाही. कार्ड हातात देऊन म्हणालो की एक नाव सांगायला किती वेळ लागतो, आत्ता सांगा, मी लिहून टाकतो. तो खरंच थोडा वेळ विचारात पडला. मला वाटलं, आलं बाबा नाव. तो म्हणाला की लाकडावर रंग मारला तरी लाकूड लाकूडच दिसते, याला खरं कातडं पाहिजे. आणि दार लावून घेतलं.

कातड्यासाठी तो कवडूकडे गेला. मेलेली गुरं ओढायची, सोलायची, हे काम पिढ्यानपिढ्या कवडूच्या वस्तीवर लादलेलं होतं. आदल्या वर्षी दसऱ्याला वस्तीतली माणसं नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आली आणि ते काम त्यांनी सोडलं ते सोडलंच. कवडूनं डोमाजीला बसायला घोंगडं दिलं, पाणी दिलं आणि सांगितलं, "आमी ते बंद केलं, मिस्त्री. आता ज्याचं ढोर त्यानं पाहावं. तुमाले कातडं पाहिजे तं तुमी सोला."

आता गावानं करायचं काय? ज्याचा बैल मरेल तो खड्डा खणून पुरू लागला. आणि डोमाजीनं जे केलं ते लिहितानाही मला शिसारी येते. जिवंत बैलाच्या अंगाला ज्यानं जन्मात हात लावला नाही, शेणाचा वास आला तर नाकाला धोतराचा सोगा लावला, तो माणूस रात्री कुदळ घेऊन पुरलेले बैल उकरू लागला. एकाचं कातडं घेतलं, एकाची शिंगं, एकाची शेपटी. मीठ आणि तुरटी लावून कोठारात वाळत घातलं. गल्लीत वास सुटला. लोकांनी विचारलं तर म्हणाला, सरस शिजवतोय. लोकांनी मानलं. शहाण्या माणसानं थाप मारली की ती लवकर खपते.

तिसरं कार्ड श्रावणात आलं. त्या दिवशी टपाल फार होतं, वरून झड लागलेली, कार्ड मी बाकीच्या पत्रांत खुपसून तसंच नेलं, वाचलं नाही. दार यावेळी उघडंच होतं. आत बैल उभा होता.

खोटं कशाला बोलू, मी पत्रांचा गठ्ठा ढालीसारखा पुढे धरला. पांढरा, उंच, खांद्याला वशिंड, काचेचे डोळे. आणि तो श्वास घेत होता. बरगड्या वर येत होत्या, खाली जात होत्या. नाकपुडीतून माझ्या हातावर गार हवा आली. मान हळूच माझ्याकडे वळली. क्षणभर मला वाटलं की या माणसाला आपण उगाच नावं ठेवली. मग माझ्या लक्षात आलं की डोमाजी बैलाच्या तोंडाकडे बघतच नव्हता. तो माझ्याकडे बघत होता, मी किती घाबरलो ते मोजत होता.

"याले दाना लागत नाई, पानी लागत नाई, आन् हा मरत नाई," तो म्हणाला.

मी कार्ड पुढे केलं. भात्याच्या बुडाशी कुठेतरी हवा फुसफुसत होती आणि त्याचा जीव सगळा त्या फुसफुशीत. त्यानं कार्ड घेतलं, उलटंसुलटं न करता चार घड्या घातल्या, आणि भात्याच्या फटीत पॅकिंग म्हणून ठोकून बसवलं. फुसफुस थांबली. तो खूश झाला. पोळ्यानंतर जामला जातो म्हणाला, एकदा पहिला नंबर येऊ दे, मग पोरीलाही बाप कोण आहे ते कळेल. पाच महिन्यांच्या पोरीला!

तान्हा पोळा उजाडला. बाजारचौकात तोरण बांधलं होतं, पोरांची ही गर्दी. कुणाच्या बैलाला बेगडी झूल, कुणाच्या गळ्यात आईच्या मोत्यांची माळ, एका पोराच्या बैलाचा तर एक पाय सुतळीनं बांधलेला. अण्णाजी खुर्चीवर बसून प्रत्येक पोराला बैलाचं नाव विचारत होते, पोरं ओरडून सांगत होती, आणि बैल तोरणाखालून जात होते. आमच्याकडे ही रीतच आहे. बिननावाचा बैल तोरणाखालून जात नाही, मग तो टीचभर का असेना.

कोठाराच्या दाराची चौकट काढून डोमाजीनं बैल बाहेर काढला होता. ताडपत्री झाकून तो हातगाडीवरून आणला. अंगावर अत्तर शिंपडलं होतं, पण पावसाळ्यातल्या दमट हवेत अत्तराखालचा वास लपत नव्हता. ताडपत्री ओढली, खाली उतरवला, चावी फिरवली. बैलानं श्वास घेतला, मान हलवली आणि पाय उचलला. एक, दोन, तीन, चार पावलं आला आणि पेटीच्या सुरात हंबरला. मग पोरं किंचाळून पळाली. आपापले बैल मात्र कुणी टाकले नाहीत, छातीशी धरून पळाली.

डोमाजी उभा राहिला, छाती काढून. आता शेला येणार, नारळ येणार. अण्णाजींनी घसा खाकरला आणि रीतीप्रमाणे विचारलं की बैलाचं नाव काय, आणि दोरी कोणाच्या लेकराच्या हातात आहे.

"याले दोरी लागत नाई," डोमाजी म्हणाला. "आन् नाव कायले? मशीन आहे."

मी त्याच्यापासून चार हातांवर उभा होतो. माझ्या अंगाची आग झाली. जामला एक पोरगी पाच महिन्यांपासून नावाची वाट बघत होती, आणि हा इथे चारचौघांत सांगत होता की नाव कशाला.

तेवढ्यात गर्दीतून पुनाजी पुढे आला. पुनाजी म्हातारा शेतकरी, नाल्याकाठी त्याचं वावर. तो बैलाच्या तोंडासमोर उभा राहिला आणि डावं शिंग बघत राहिला. शिंगाचं टोक तुटलेलं होतं. त्यानं टोकावरून अंगठा फिरवला.

"हा माहा हिऱ्या आहे," तो म्हणाला. "इहिरीच्या कठड्याले शिंग मोडलं होतं त्यानं. बैसाखात मी माह्या हातानं पुरला त्याले. हळद-कुंकू लावून पुरला. तू त्याले उकरलं, डोमाजी?"

अण्णाजी खुर्चीवरून उठले. जवळ येऊन त्यांनी मागची मांडी बघितली. तिथे त्यांच्या घरचा डाग होता, चंद्रकोरीचा. त्यांचा पांढरा ज्येष्ठात मेला होता. अण्णाजींनी नाकाला उपरणं लावलं. शेपटी कुणाची ते शेवटपर्यंत कुणी ओळखलं नाही.

सगळं जिन आवाजावरून ओळखणाऱ्या या माणसाला एवढी साधी गोष्ट माहीत नव्हती. इथला माणूस आपला बैल शिंगावरून, डागावरून, मानेच्या वळणावरून ओळखतो, मेल्यावरही ओळखतो. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, ही म्हण आमच्या आजा-पणजांनी काय उगाच केली?

मला वाटलं तो पुनाजीच्या पायावर डोकं ठेवेल. गाव शिव्या देतं, पण पाया पडलेल्याला मारत नाही. डोमाजीनं काय केलं? तो बैलाकडे बघून म्हणाला, "न्या तुमचं तुमी. माहं यात काई नाई." आणि पाठ फिरवून घराकडे चालू लागला. सहा महिने ज्याच्यापायी खाणंपिणं, बायको, शेजार सगळं सोडलं, त्याला एका वाक्यात सोडून दिलं. कमान अजून उतरली नव्हती. तो बिचारा बैल मान हलवत, श्वास घेत तिथेच उभा होता, आणि मान नेमकी डोमाजी गेला त्या बाजूला वळत होती. यंत्रच ते, तशीच बसवलेली मान. तरी बघवेना. पुनाजीनं त्याच्या गळ्यात हात घातला आणि श्वास बंद होईपर्यंत हिऱ्या, हिऱ्या म्हणत उभा राहिला.

मग लोकांनी बैल सुटा केला. शिंगं पुनाजीनं फडक्यात घेतली. कातडं अण्णाजींच्या गड्यानं पुरायला नेलं. मी भात्याच्या बुडातून कार्ड ओढून काढलं आणि घड्या उलगडून वाचलं. सुंदरानं एवढंच लिहवलं होतं की श्रावणी सोमवारी मुलीचं नाव ठेवलं, पाळणा मीच म्हटला. नाव तुम्हाला कळवत नाही.

मी ते कार्ड त्याच्या घरी नेऊन दिलं. पोस्टमनचं काम पत्र पोचवणं आहे, मग ते दोनदा पोचवावं लागलं तरी. त्यानं वाचलं. आयुष्यात पहिल्यांदा मी त्याला खाली बसताना पाहिलं, मशीनपुढे नाही, नुसतं जमिनीवर.

दुसऱ्या दिवशी तो जामला गेला. पुढचं मला सोनबानं सांगितलं. दुकानापुढे घोंगडीवर पोरगी बसवलेली होती, उशीला टेकून. डोमाजी आला, तिच्यापुढे उकिडवा बसला, हात पुढे केले, तोंड उघडलं, आणि तसाच राहिला. हाक मारायला नावच नव्हतं त्याच्याकडे. त्यानं सोनबाला विचारलं, सोनबा कपबशा विसळत राहिला. चहा पिणाऱ्या ड्रायव्हर लोकांना विचारलं. नागपूरपासून हिंगणघाटापर्यंतच्या सगळ्या ड्रायव्हरांना ते नाव पाठ होतं, पण कुणी सांगितलं नाही. शेवटी सुंदरा बाहेर आली, पोरीला कडेवर घेतलं. ती भांडली नाही. तिनं त्याला चहा पाजला, आल्या पाहुण्याला पाजतात तसा, आणि आत निघून गेली. सिंदीला ती परत आली नाही.

डोमाजीचं काही वाटोळं झालं नाही. अशा माणसांचं होत नाही. दिवाळीला जिन सुरू झालं, पट्टा घासू लागला, मालकाला त्याची गरज पडली. तान्हा पोळा आला की पोरं चाकं बसवून घ्यायला त्याच्याकडे जायची. तेव्हापासून तो प्रत्येक पोराला आधी बैलाचं नाव विचारायचा आणि मगच चाकाला हात लावायचा. लोक म्हणायचे, बघा, किती बदलला. पोरांच्या लाकडी बैलांची चौकशी करायला काय जाते?

दोन वर्षांनी रजेवर असताना मी जामला जाऊन आलो. सुंदरा गल्ल्यावर बसली होती आणि पोरगी कोंबड्यांमागे पळत होती. सुंदरानं तिला हाक मारली. चांगलं नाव आहे, तिला शोभतं.

मी परत आलो ते डोमाजीला कळलं. तो पोस्टाच्या पायरीवर येऊन उभा राहिला. केस पांढरे झाले होते. हातात टोपी होती, ती त्यानं पिळून पिळून पार चिंधी केली होती.

"तुमी जामले गेलते," तो म्हणाला. "तिले काय म्हनून हाक मारते ते आयकलं असन. तेवढं सांगा मले. दुसरं काई मांगत नाई."

मला त्याची दया आली, नाही म्हणत नाही. पण मी पत्रांचा गठ्ठा लावता लावता त्याला सांगितलं की दुसऱ्याचं टपाल वाचू नये, आणि वाचलं तरी सांगू नये, असा पोस्टाचा नियम आहे.